दहापैकी दहा, पण डाव कुठे?

गेल्या पावसाळ्यात एका रात्री मी घरच्या लॅपटॉपवर बुद्धिबळाच्या दोन प्रोग्रॅममध्ये दहा डावांचा सामना लावला आणि झोपलो. सकाळी चहा घेऊन बसलो, तर पडद्यावर निकाल होता १०-०. एकानं दुसऱ्याला पार धुऊन काढलं होतं. मित्राला कळवायला फोन हातात घेतला, पण त्याआधी सहज डावांची फाइल उघडली. पहिला डाव ४१ चालींत संपला होता. तिसराही ४१ चालींत. पाचवा, सातवा, नववा, सगळे ४१. दोन डाव शेजारी-शेजारी ठेवून पाहिले. पहिल्या प्याद्यापासून शेवटच्या मातेपर्यंत एकही चाल वेगळी नव्हती. मोहऱ्यांची अदलाबदल करून झालेल्या उरलेल्या पाच डावांचीही तीच गत.

कारण साधं होतं. मी दोघांनाही ओपनिंगचं पुस्तक, म्हणजे डावाच्या सुरुवातीच्या ठरलेल्या चालींची यादी, दिलं नव्हतं, आणि चालीला वेळ देण्याऐवजी किती चाली पुढे पाहायचं ती खोली ठरवून दिली होती. तीच स्थिती, तोच हिशेब, म्हणून उत्तरही तेच. दोनच डाव पाच-पाच वेळा खेळले गेले होते. फाइल नसती तर मी मित्राला छातीठोकपणे १०-० सांगितलं असतं, आणि सांगताना माझ्या मनात काडीचंही खोटं नसतं.

त्या सकाळी मला एक जुना वाद नव्यानं समजला. तो आहे आयबीएमच्या ‘डीप ब्लू’बद्दलचा. ११ मे १९९७ रोजी न्यूयॉर्कमध्ये या यंत्रानं जगज्जेत्या गॅरी कास्पारोवला सहा डावांच्या सामन्यात साडेतीन विरुद्ध अडीच गुणांनी हरवलं. ते सहाही डाव जगानं पाहिले, छापले, अजूनही लोक ते पटावर मांडून बसतात. पण याच यंत्राच्या धाकट्या रूपानं प्रयोगशाळेत खेळलेल्या काही डावांचीही हकीगत आहे. डीप ब्लूचे मुख्य रचनाकार फेंग-श्युंग शू यांनी सांगितल्यानुसार, बुद्धिबळाची एकच चिप वापरून आणि तिचा वेग मुद्दाम बराच कमी करून त्यांनी ती बाजारात मिळणाऱ्या आघाडीच्या पीसी प्रोग्रॅमशी खेळवली. दहा डाव झाले आणि दहाही चिपनं जिंकले.

त्या दहा डावांच्या चाली कधी जगासमोर आल्या नाहीत.

या दाव्यावर शंका घेणारे कोण होते, हे आधी पाहायला हवं. घरगुती संगणकावर चालणारे प्रोग्रॅम लिहिण्यात आणि ते रात्र-रात्र एकमेकांशी खेळवण्यात ज्यांची वर्षं गेली, असे हे लोक होते. नेदरलँड्सच्या एड श्रोडर यांच्या प्रोग्रॅमनं १९९२ साली माद्रिदमध्ये संगणकांचं खुलं विश्वविजेतेपद मिळवलं होतं. मायक्रोसंगणकाच्या वर्गातल्या यंत्रानं ते जिंकण्याची ती पहिली वेळ. १९९४ मध्ये लंडनला रिचर्ड लँग यांच्या ‘जीनियस’नं साध्या पेंटियमवर चालून जलद बुद्धिबळात खुद्द कास्पारोवला स्पर्धेबाहेर काढलं होतं. आपल्या प्रोग्रॅमची ताकद आणि त्याच्या खोडी त्यांना तोंडपाठ होत्या. त्यांनी डाव मागितले, कारण डावांशिवाय शिकण्यासारखं काही हाती लागत नव्हतं.

दुर्दैवानं ‘डाव दाखवा’ या मागणीचा अर्थ पुष्कळदा ‘तुम्ही खोटं बोलता’ असा लावला जातो. मला हे पटत नाही. आपल्याकडच्या अगदी छोट्या स्पर्धेतही दोन्ही खेळाडू प्रत्येक चाल स्कोअरशीटवर टिपतात, शेवटी दोघेही सह्या करतात आणि कागद पंचांकडे जातो. शाळेत असताना मला त्या कागदाचा कंटाळा यायचा. पुढे एकदा डाव संपल्यावर एकच स्थिती तीनदा आली होती की दोनदा, यावरून बाचाबाची झाली. पंचांनी दोघांची स्कोअरशीट घेतली, रिकाम्या पटावर डाव पुन्हा मांडला आणि पाच मिनिटांत निकाल दिला. माझ्या प्रतिस्पर्ध्याला कोणी खोटारडं म्हटलं नाही, मलाही नाही. कागद बोलला आणि आम्ही दोघं गप्प बसलो.

संगणकाच्या डावाची नोंद पीजीएन नावाच्या साध्या मजकुराच्या फाइलमध्ये राहते. ही पद्धत स्टीव्हन एडवर्ड्स यांनी १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला बसवली. वर सात ओळी असतात: स्पर्धा, ठिकाण, तारीख, फेरी, पांढरा, काळा आणि निकाल. त्याखाली चाली. चाळीस चालींचा डाव एका किलोबाइटच्या आत-बाहेर बसतो. दहा डाव म्हणजे साधारण दहा किलोबाइट. फोनवर काढलेल्या एका फोटोला जेवढी जागा लागते, तेवढ्यात असे हजारो डाव मावतील. १९९७ च्या फ्लॉपीवरही ते सहज मावले असते.

चालींखेरीज यंत्राची आणखी एक नोंद असते, ती म्हणजे लॉग. यंत्र काय विचार करत होतं, किती खोल गेलं, कोणत्या चालीला किती गुण दिले, किती सेकंद घेतले, हे सगळं त्यात ओळीनं येतं. तिचं मोल १९९७ च्या दुसऱ्या डावात दिसलं. ३६ व्या चालीला सगळ्यांना वाटत होतं की डीप ब्लू वजीर आत घुसवून प्यादी मारेल. यंत्रानं तसं न करता प्याद्यांची मारामारी केली आणि पुढच्या चालीला उंट शांतपणे मध्यभागी आणून बसवला. ही यंत्राची चाल नव्हे, असं कास्पारोवला वाटलं. त्यानं माणसाच्या हस्तक्षेपाचा संशय व्यक्त केला आणि लॉग मागितले. आयबीएमनं ते पुढे प्रसिद्ध केले. वजिराच्या त्या चालीचे गुण खोल पाहिल्यावर घसरत गेले आणि यंत्रानं जास्तीचा वेळ घेऊन दुसरी चाल निवडली, हे त्यांत दिसतं. लॉग हातात आल्यावर वाद ‘विश्वास ठेवा’ आणि ‘ठेवत नाही’ यापुढे गेला. आकडे वाचून मत बनवता येऊ लागलं. त्याच डावात कास्पारोवनं ज्या स्थितीत हार मानली, तिथे सतत शह देत बरोबरी साधता आली असती, हेही विश्लेषकांनी लगोलग दाखवून दिलं. डाव टिपलेला होता म्हणूनच ते शक्य झालं.

आता त्या १०-० कडे आकड्यांच्या बाजूनं पाहू.

बुद्धिबळातलं एलो मानांकन दोन खेळाडूंमधल्या फरकावरून किती गुणांची अपेक्षा ठेवायची ते सांगतं. २०० गुणांचा फरक असेल तर वरचढ खेळाडूला साधारण ७६ टक्के गुण मिळावेत, ४०० असेल तर ९१ टक्के. समजुतीसाठी बरोबरीचे डाव बाजूला ठेवू. दोघं तुल्यबळ असतील तर दहाही डाव एका ठरावीक खेळाडूनंच जिंकण्याची शक्यता १०२४ त १. फरक २०० चा असेल तर असा निकाल १०० सामन्यांत सुमारे ६ वेळा यावा, आणि ४०० चा असेल तर सुमारे ३९ वेळा. तेव्हा १०-० हा निकाल ‘हे दोघं बरोबरीचे नाहीत’ असं ठामपणे सांगतो. पण फरक २५० चा की ६०० चा, हे त्यातून कळत नाही. दहा डाव त्यासाठी थोडे आहेत.

हा सगळा हिशेब एका गृहीतकावर उभा आहे: प्रत्येक डाव स्वतंत्र असला पाहिजे. माझ्या लॅपटॉपवर तेच कोसळलं होतं. खरे वेगळे डाव दोनच असतील, तर तुल्यबळ प्रतिस्पर्ध्यांमध्येही एका ठरावीक बाजूनं दोन्ही जिंकण्याची शक्यता ४ त १ असते. १०२४ त १ वरून ४ त १ वर! त्या काळचे पीसी प्रोग्रॅम ओपनिंगच्या पुस्तकातून चाली निवडत, त्यामुळे थोडी विविधता यायची. पण पुस्तकात एक कच्ची वाट असली आणि प्रोग्रॅम पुन्हा पुन्हा त्याच वाटेनं गेला, तर तोच पराभव पुन्हा पदरात पडतो. शू यांच्या प्रयोगशाळेत असं झालं, असं मी म्हणत नाही. तसं झालं नाही हे सांगू शकणारी गोष्ट, म्हणजे चाली, आपल्याकडे नाही.

दुसरा प्रश्न मोजणीचा. प्रयोगशाळेत यंत्र घडत असताना ते सतत खेळत असतं. आज एक चूक दुरुस्त करायची, उद्या पुन्हा खेळवायचं. त्या सगळ्या डावांतले दहा कुठून सुरू झाले आणि कुठे थांबले? आधी ठरवून दहा खेळले, की खेळता खेळता दहा झाल्यावर थांबले? मी नाणं शंभर वेळा उडवून मधले सलग छापे तेवढे सांगितले, तर आकडा खरा असूनही ऐकणारा फसतो. फाइलमध्ये तारीख आणि फेरी असते ती यासाठीच.

तिसरा प्रश्न घड्याळाचा, आणि मला तो सर्वांत महत्त्वाचा वाटतो. जुलै १९९८ मध्ये इटलीतल्या इस्किया बेटावर विश्वनाथन आनंद श्रोडर यांच्या ‘रेबेल १०’शी आठ डाव खेळला. एकूण निकाल रेबेल ५, आनंद ३. एवढंच ऐकलं तर वाटेल, घरातला संगणक आनंदपेक्षा भारी झाला. पण डाव तीन प्रकारचे होते. चार अतिजलद ‘ब्लिट्झ’ डावांत रेबेलनं ३-१ अशी बाजी मारली, पंधरा मिनिटांच्या दोन डावांत दीड-अर्धा अशी. स्पर्धेच्या पूर्ण वेळेच्या दोन डावांत मात्र आनंद दीड-अर्धा असा जिंकला. एकाच सामन्यात दोन वेगळी सत्यं होती आणि ती घड्याळामुळे वेगळी झाली होती. नोंद असल्यामुळे आपण ती सुटी करून पाहू शकतो.

यंत्रांच्या झुंजीत घड्याळाचा गुंता आणखी वाढतो. त्या वेळी दोन वेगळी यंत्रं समोरासमोर ठेवून माणूस मध्ये बसायचा: इकडच्या पडद्यावरची चाल वाचायची, तिकडे टंकायची. चाल चुकीची टंकली जाऊ शकते. प्रतिस्पर्धी विचार करत असताना आपणही विचार करायची सोय एकाला चालू आणि दुसऱ्याला बंद राहू शकते. पीसीला मेमरी किती दिली, प्रोग्रॅमची कोणती आवृत्ती होती, पुस्तक कोणतं होतं, हरत आलेला डाव कोणी आणि केव्हा सोडून दिला, हे सगळं निकालाला हात लावतं. स्वीडनमधली बुद्धिबळ-संगणकांची संघटना एसएसडीएफ हेच काम वर्षानुवर्षं करत होती. तिच्या यादीत प्रोग्रॅमबरोबर तो कोणत्या यंत्रावर चालला तेही लिहिलेलं असायचं. पुढे दोन पीसी केबलनं जोडून चाली आपोआप पोचवायची सोय आली आणि माणसाच्या बोटांची चूक त्यातून गेली. हे कंटाळवाणं काम आहे. ते करणाऱ्यांबद्दल मला फार आदर आहे.

डीप ब्लूच्या बाजूनंही बोललं पाहिजे, कारण दावा अशक्य मुळीच नाही. सामन्यातल्या यंत्रात अशा ४८० चिप होत्या आणि एकेक चिप सेकंदाला वीस लाखांहून जास्त स्थिती तपासायची. वेग हे तिचं एकच बळ नव्हतं. पीसीच्या प्रोग्रॅमला स्थितीचं मूल्यमापन करताना प्रत्येक नव्या निकषाची किंमत वेळेत मोजावी लागते: राजा किती सुरक्षित, हत्तीला मोकळी रांग आहे का, प्यादं पुढे निसटलंय का. चिपमध्ये हे निकष तारांतच विणलेले असतात आणि सगळे एकदम तपासले जातात. डीप ब्लूच्या चिपमध्ये असे सुमारे ८००० निकष होते, आणि ते सुधारायला ग्रँडमास्टर जोएल बेंजामिन संघाबरोबर होता. म्हणून वेग कमी केला तरी चिपला बुद्धिबळाची जाण जास्त असणं शक्य आहे. माझा स्वतःचा कल असा, की ती चिप त्या प्रोग्रॅमपेक्षा वरचढ असणार. किती वरचढ, हे मला जाणून घ्यायचं आहे.

आणि याच संघाचा एक टिपलेला डाव उलट बाजूला उभा आहे. १९९५ साली हाँगकाँगच्या जागतिक संगणक स्पर्धेत ‘डीप ब्लू प्रोटोटाइप’ या नावानं त्यांचं त्या वेळचं यंत्र उतरलं होतं. समोर होता फ्रान्स मॉर्श यांचा ‘फ्रिट्झ ३’, ९० मेगाहर्ट्झच्या पेंटियमवर चालणारा. फ्रिट्झनं तो डाव जिंकला आणि पुढे स्पर्धाही. हे १९९७ चं यंत्र नव्हे, आणि एका डावावरून ताकद ठरत नाही. हीच कसोटी मी वर दहा डावांना लावली, तर ती इथेही लावायलाच हवी. तरी लोकांच्या मनावर या एका डावाचा ठसा जास्त खोल आहे, कारण तो कोणीही उघडून पाहू शकतो.

शंका कशी विरघळते, याचं उदाहरण अलीकडचं आहे. डिसेंबर २०१७ मध्ये गूगलच्या डीपमाइंडनं जाहीर केलं की त्यांच्या ‘अल्फाझिरो’नं ‘स्टॉकफिश ८’ला शंभर डावांत हरवलं: २८ विजय, ७२ बरोबरी, एकही पराभव नाही. प्रसिद्ध झाले फक्त दहा डाव, तेही अल्फाझिरोनं जिंकलेले. एका बाजूला गूगलच्या खास चिप, दुसऱ्या बाजूला ज्याला त्याला घरी फुकट वापरता येणारा प्रोग्रॅम. जुनीच गोष्ट नव्या कपड्यांत आली होती. स्टॉकफिशच्या मूळ कर्त्यांपैकी एक, टोर्ड रोमस्टाड यांनी आक्षेप घेतले आणि ते नेमके होते. स्टॉकफिशला ६४ धागे देऊन हॅश मेमरी फक्त १ गीगाबाइट दिली होती. हॅश म्हणजे तपासलेल्या स्थिती लिहून ठेवायची वही. ६४ जण एकाच चिमुकल्या वहीत लिहायला लागले की आधीचं खोडलं जातं आणि तेच काम पुन्हा करावं लागतं. शिवाय प्रत्येक चालीला ठरावीक एक मिनिट. कुठे झटपट खेळायचं आणि कुठे थांबून विचार करायचा, हे ठरवण्यावर स्टॉकफिशच्या कर्त्यांनी मेहनत घेतलेली, आणि तीच इथे वाया गेली. सामन्याच्या अटी छापलेल्या होत्या म्हणूनच हे बोलता आलं.

वर्षभरानं, डिसेंबर २०१८ मध्ये, ‘सायन्स’ नियतकालिकात सविस्तर लेख आला. या वेळी १००० डाव, प्रत्येकाला तीन तास आणि चालीमागे १५ सेकंद, स्टॉकफिशला ४४ कोअर आणि ३२ गीगाबाइट हॅश. निकाल: १५५ विजय, ६ पराभव, ८३९ बरोबरी. २०० हून जास्त डाव सर्वांसाठी खुले झाले. ते सहा पराभव मला फार बोलके वाटतात. ‘एकही पराभव नाही’पेक्षा हा निकाल जास्त भरवशाचा वाटतो. दरम्यान स्वयंसेवकांनी अल्फाझिरोच्या छापलेल्या पद्धतीवरून ‘लीला चेस झिरो’ हा खुला प्रोग्रॅम उभा केला. २०१९ मध्ये त्यानं टीसीईसी ही संगणकांची स्पर्धा जिंकली, तीही स्टॉकफिशला हरवून. तिथे प्रत्येक चाल, तिला लागलेला वेळ आणि गुण सगळ्यांसमोर चालू सामन्यात उमटत असतात. गूगलचं यंत्र कोणाच्या घरी आलं नाही, पण पद्धत खरी आहे हे सिद्ध झालं.

डीप ब्लूच्या बाबतीत ती वाट बंद आहे. १९९७ नंतर ते यंत्र पुन्हा सामन्याला बसलं नाही. त्याचा एक भाग वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात आहे, एक कॅलिफोर्नियात माउंटन व्ह्यूच्या संगणक इतिहास संग्रहालयात. तसा सामना आता पुन्हा खेळवून पाहता येत नाही. जे काही कळायचं ते त्या दहा डावांतूनच.

कुठल्या तरी जुन्या डिस्कवर ती फाइल सापडली, तर मी काय करेन हे माझ्या मनात पक्कं आहे. आधी दहाही डावांच्या पहिल्या वीस चाली एकाखाली एक लावून पाहीन: किती डाव खरंच वेगळे आहेत? मग पीसी प्रोग्रॅम पुस्तकातून बाहेर पडला ती चाल शोधीन आणि तिथे त्याची स्थिती आधीच बिघडलेली होती का, ते आजच्या स्टॉकफिशला विचारीन. मग वेळेचे आकडे, असतील तर. आणि शेवटी एकेक डाव लाकडी पटावर मांडून सावकाश खेळून बघीन, कारण त्या चिपला काय दिसत होतं जे पेंटियमला दिसत नव्हतं, हे कुतूहल मला पहिल्यापासून आहे.